फलक सरळ करण्यात आला आहे

टेकडीवरचा ‘सावधान, दरडप्रवण क्षेत्र’ हा फलक यंदाच्या मे महिन्यातही सरळ करण्यात आला. मिस्त्री आला, त्याने ओळंबा सोडला, फलक उताराकडे कललेला निघाला. मग पहारीने पाया उकरून फलक काटकोनात आणण्यात आला, दोन घमेली काँक्रीट ओतण्यात आले आणि फोटो काढण्यात आला. पावसाळापूर्व कामांच्या तक्त्यात या टेकडीपुढे आता ‘पूर्ण’ असा शेरा आहे. गेल्या वर्षीही होता, त्याच्या आदल्या वर्षीही होता. इतक्या वेळा पूर्ण झालेले काम आमच्या माहितीत दुसरे फक्त नालेसफाईचे.

फलक दरवर्षी एकाच बाजूला का कलतो, हा प्रश्न सगळ्या पथकात एकट्या मिस्त्रीला पडला. त्याच्याकडे पदवी नाही, त्यामुळे असे प्रश्न पडतात.

“साहेब, फलक ताठच हाय. खालची जमीन सरकलीय.”

साहेबांनी उतारावर एक नजर टाकली, मग घड्याळावर टाकली. “जमीन आपल्या खात्याकडे येत नाही. तू फलकाचं बघ.”

टेकडीचे नाव सांगत नाही. घाटकोपरपासून मुंब्र्यापर्यंत कुठलीही धरा, फलक तोच आहे. वरच्या दोन तृतीयांश भागात हात जोडलेले, हसरे, पांढऱ्या कपड्यांतले चेहरे, मधे ‘सौजन्य’, त्याखाली शुभेच्छुकांची नावे, आणि अगदी तळाला, शेळीला वाचता येईल अशा उंचीवर, इथे दरड कोसळून जीवितहानी होऊ शकते ही बातमी. फलकाच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले तर असे वाटते, की दरड ही या मंडळींनीच आणलेली एखादी योजना असून ती मंजूर झाल्याबद्दल ते आपले अभिनंदन करत आहेत.

तर हा फलक कलतो. टेकडीवर उभे असलेले सगळेच थोडे थोडे कलते. विजेचा खांब कलतो, शेवग्याचे झाड कलते, कुंपणाची भिंत पोट काढते. उतारावरची माती मुंगीच्या पावलांनी खाली निघाली, की तिच्यात रोवलेल्या वस्तू अशी साक्ष देतात. परदेशात हीच साक्ष काढायला उतारात खोल भोके पाडून नळ्या सोडतात, नळ्यांत यंत्रे सोडतात आणि यंत्रांच्या नोंदी वाचायला माणसे ठेवतात. आपल्याकडे तीच नोंद लोखंडी खांबावर, रंगीत छपाईत आणि सौजन्याने उपलब्ध आहे. किती कलला ते पट्टी लावून मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच काम होते. ते न करता दर मे महिन्यात ओळंबा लावून नोंद पुसून टाकली जाते. तापलेल्या माणसाच्या काखेतला थर्मामीटर झटकून पारा खाली उतरवायचा आणि केसपेपरवर ‘ताप नाही’ लिहायचे, तसे हे काम आहे. ते मात्र नियमित होते. बिले वेळेवर निघतात. फलक पुन्हा कलला, की पुन्हा निविदा. जमीन सरकायची थांबली तर या कामाचा ठेकेदार उपाशी मरेल आणि त्या मृत्यूची नोंद आपत्ती म्हणून करायची की कसे, यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल.

जमीन सरकते पाण्याने. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या, की ते पाणी आतून दाब देते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि काल चार मजली चाळ पेललेला उतार आज स्वतःलाही पेलत नाही. पाणी म्हटले, की सगळ्यांची बोटे आभाळाकडे जातात. हे फार सोयीचे आहे. पावसाला नोटीस बजावता येत नाही, त्याची विभागीय चौकशी होत नाही, तो निलंबित होत नाही. दरड कोसळली की ‘अतिवृष्टी’ हा एकच आरोपी जाहीर होतो आणि तो ऑक्टोबरात फरार होतो.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथे कोसळलेल्या डोंगरांना कुणाच्या गटाराची मदत लागली नव्हती, हे मान्य. पण शहरातल्या टेकडीवर पाऊस चार महिनेच पडतो आणि मोरी बारा महिने वाहते. वस्तीतल्या प्रत्येक नहाणीचे, बेसिनचे, संडासाचे पाणी जमिनीत पुरलेल्या वाहिनीतून खाली जाते, म्हणजे जावे अशी अपेक्षा आहे. त्या वाहिनीचा एखादा सांधा सुटलेला असेल, तर ते पाणी जून उजाडायची वाट पाहत नाही. ते जानेवारीत मुरते, एप्रिलात मुरते. पहिली सर येते तेव्हा उतार अर्धा पिऊन बसलेला असतो. शिवाय जमीन सरकली की वाहिनी वाकते, वाकली की आणखी सांधे उघडतात, उघडले की जमीन आणखी सरकते. ज्याला जिऱ्याएवढीही पदवी नाही अशा माणसालाही हे चक्र कळते. आमच्या मिस्त्रीला कळले होते.

गळती कुठे आहे हे शोधायला वस्तीत कुणी यंत्र मागवत नाही. मे महिन्यात सगळी टेकडी वाळून पिवळी पडते, तेव्हा एका पट्ट्यात अळू माजलेले असते. हातभर देठांचे, पानांवर चमक असलेले, फुकट पोसलेले अळू. कुठल्या चेंबरखाली सांधा सुटला आहे ते अळू बरोबर सांगते. पाहणीसाठी आलेल्या पथकाने तो पट्टा पाहिला आणि टेकडीवर हरित आच्छादन समाधानकारक असल्याची नोंद केली.

आता फलकाच्या पायाकडे येऊ, कारण मूळ घोटाळा तिथे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी फलक सरळ करताना खड्डा थोडा जास्त खोल गेला. पहार कशावर तरी आपटली, भद्द असा आवाज झाला आणि असा वास आला, की फोटोसाठी उभे असलेले शुभेच्छुक वाऱ्याची दिशा बदलल्यासारखे पांगले. खाली मलवाहिनी होती. ती तिथे आहे हे कुठल्याही नकाशात नव्हते. जुना नकाशा ज्या कार्यालयात होता ते कार्यालय हलले आणि हलताना नकाशा वाटेत कुठे उतरला कुणास ठाऊक. खड्डा उघडा ठेवणे धोक्याचे, म्हणून त्यात काँक्रीट ओतण्यात आले. नेहमीपेक्षा बरेच जास्त लागले. कुठे जाते आहे हे कुणाला कळेना. ते वाहिनीत जात होते. तेव्हापासून धोक्याची सूचना देणारा फलक मलवाहिनीच्या घशात पाय रोवून उभा आहे, वरचे पाणी तुंबून सांध्यांतून उतारात शिरते आहे आणि फलक पूर्वीपेक्षा लवकर कलतो आहे. म्हणजे ज्या धोक्याची तो सूचना देतो, त्यात त्याचा स्वतःचा वाटा किती, हेही आता फलकावर छापायला हवे. सौजन्याची ओळ तिथे आहेच.

वाहिनी उघडून बघा, असे वस्तीतले लोक म्हणाले. त्यावर असे उत्तर मिळाले, की पिण्याचे पाणी एका खात्याकडे, सांडपाणी दुसऱ्याकडे, पावसाचे पाणी तिसऱ्याकडे आणि जमीन चौथ्याकडे आहे. उतारात मुरलेले पाणी या तिघांपैकी नेमके कुणाचे, हे ठरल्याशिवाय पाहणी कुणी करायची ते ठरत नाही, आणि पाहणी केल्याशिवाय पाणी कुणाचे ते ठरत नाही. तरी एका तरुण अभियंत्याने हिय्या केला. चेंबरचे झाकण उघडू म्हणाला. झाकण सापडेना.

झाकण पेव्हर ब्लॉकखाली होते. इथे वाचकांची क्षमा मागून मी जरा मोठ्याने बोलणार आहे. या राज्यात जे काही उघडायचे असते त्यावर पेव्हर ब्लॉक बसवतात. रस्ता चांगला असला तरी बसवतात, वाईट असला तर बसवतातच, निधी उरला तर बसवतात आणि निधी नसला तर दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या नावाने बसवतात. लाल, करडे, षटकोनी, सापासारखे वळणाचे, आणि पहिल्या पावसात चालणाऱ्याच्या पायजम्यावर चिखलाची पिचकारी मारणारे. गल्लीची उंची दर निवडणुकीला चार बोटे वाढते, घरांचे उंबरे रस्त्याखाली जातात आणि रस्त्याचे पाणी स्वयंपाकघर बघायला येते. ब्लॉकखाली चेंबर असते. चेंबर हा काही भूगर्भाचा अलंकार नव्हे. वाहिनीला वळण असेल, उतार बदलत असेल, दोन वाहिन्या मिळत असतील तिथे माणसाला आत बघता यावे, काठी घालता यावी, एवढ्यासाठी कुण्या शहाण्याने ते बांधून ठेवलेले असते. त्याच्यावर पेव्हर ब्लॉक! वर लोकार्पणाची संगमरवरी पाटी! चेंबर वर उचलून घ्या, झाकण रस्त्याच्या पातळीला आणा, असे अंदाजपत्रकात लिहिलेले असते, त्याचे पैसे लागलेले असतात, मोजमाप पुस्तकात त्याची संख्या असते आणि जागेवर षटकोनी करडे वाळवंट असते. ब्लॉकच्या फटींतून पाऊस खाली मुरतो, खालची वाहिनी वर गळते, दोघे मधल्या मुरुमात भेटतात आणि तो मुरूम कुणाच्या तरी घराच्या मागच्या भिंतीवर रेलतो. त्या भिंतीपलीकडे माणसे झोपलेली असतात हो. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगर खाली आला, 70हून अधिक माणसे गेली, तेव्हाही आपण ‘यापुढे’ असे म्हणालो होतो. यापुढे काय केले? झाकणे पुरली.

आणि जूनमध्ये याच माणसांच्या दारावर नोटीस चिकटवतात, की आपण धोकादायक उतारावर राहता, स्वतःच्या जबाबदारीवर राहावे किंवा अन्यत्र जावे. अन्यत्र म्हणजे कुठे, हा रकाना नोटिशीत नाही.

असो. हाँगकाँगचे सांगतो. तेही डोंगराच्या अंगावर चढलेले, दाटीचे, पावसाचे शहर. 18 जून 1972 या एका दिवशी तिथे साउ माउ पिंग आणि पो शान रोड इथे दरडी कोसळून 138 माणसे गेली. पुढे 23 जुलै 1994 रोजी क्वुन लुंग लाउ या वसाहतीखालची जुनी दगडी भिंत पडली आणि पाच जण गेले. चौकशीत निघाले, की भिंतीमागे पुरलेल्या सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या गळत होत्या. आता तिथे उताराजवळ पुरलेली वाहिनी तपासून घ्या, असा आदेश मालकाला निघू शकतो आणि मालकाला तो पाळावा लागतो. माणसाने कापलेल्या वा भरलेल्या सुमारे 60,000 उतारांना तिथे एकेक क्रमांक दिला असून त्याची पाटी उतारावर लावलेली असते. पाटीवर क्रमांक असतो. हसरा चेहरा एकही नाही, शुभेच्छुक नाहीत. रुक्ष लोक आहेत.

तपासणीत जादू काही नाही. वाहिनीत कॅमेरा सोडून सांधे बघता येतात. दोन्ही तोंडे बुजवून पाणी भरायचे आणि पातळी उतरते का ते पाहायचे, हेही चालते. सगळ्यांत स्वस्त युक्ती रंगाची. वरच्या चेंबरमध्ये रंग टाकायचा आणि खालच्या भिंतीतून तो रंग झिरपतो का, हे बघत बसायचे. बादली, पुडी आणि बसायला दगड, एवढे साहित्य.

हा प्रस्ताव बैठकीत आला होता. सर्वांना पटला. मग रंग कुठला टाकायचा, असा मुद्दा निघाला. महाराष्ट्रात रंगाला मालक असतो. एक सुचवला की दुसऱ्या बाजूला घाम फुटे. दुसरा सुचवला की पहिली बाजू उठून उभी राही. डोंगरातून आपला रंग झिरपताना दिसला तर शुभ की अशुभ, यावरही मतभेद झाले. शेवटी बिनरंगी रंगाची निविदा काढावी, असे ठरून सभा तहकूब झाली.

वस्तीतल्या एका मावशींना हे कुणी कळवले नाही. त्यांच्याकडे रंगपंचमीची गुलाबी पुडी उरली होती. त्यांनी ती सकाळी आपल्या मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी सोडले आणि चहा घेऊन खाली संरक्षक भिंतीसमोर जाऊन बसल्या. चहा गार व्हायच्या आत भिंतीच्या तीन सांध्यांतून गुलाबी पाणी उतरले. मावशींनी मोबाइलवर चित्रण केले आणि अर्जासोबत कार्यालयात नेऊन दिले.

आठवड्याभरात कारवाई झाली. सार्वजनिक भिंतीचे विद्रूपीकरण केल्याबद्दल मावशींना नोटीस आली. 1995 चा कायदाच आहे तसा. फलकावरच्या चेहऱ्यांना तो लागू होत नाही, मोरीला होतो. भिंतीवरचा रंग सात दिवसांत स्वखर्चाने काढावा आणि तो पुन्हा दिसणार नाही याची हमी द्यावी, असे त्यात म्हटले होते.

मावशींनी मुलाकडून उत्तर लिहून घेतले, की साहेब, आतलं पाणी बंद करा, रंग आपोआप थांबेल.

त्यावर कार्यालयाचे पत्र आले आहे: पाणी आमच्या खात्याकडे येत नाही. रंगापुरते बोला.