डबल बेल

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरच्यांना पुढचे काही दिवस जगात एकच प्रश्न उरतो: वारा सरला का? एरवी ज्या गोष्टीमुळे चारचौघांत मान खाली घालावी लागते, तीच घडावी म्हणून शिकलीसवरलेली माणसं देव पाण्यात घालून बसतात. डॉक्टर राउंडला येतात, पोटाला स्टेथोस्कोप लावतात, डोळे मिटून ऐकतात आणि विचारतात, "काय आजोबा, गॅस पास झाला का?" मागे उभी असलेली सिस्टर, पलीकडच्या कॉटवरचा पेशंट, त्याची बायको, स्टुलावर बसलेलं त्यांचं पोर, सगळे कान टवकारतात.

आमचे नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्यांची जन्मतारीख ठोकून दिली, 1 जून 1948. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनलाच येतो, त्यामुळे यात मिरवण्यासारखं काही नाही. पण एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली तीही नेमकी 1 जून 1948 लाच, हे नानांना नोकरीत लागल्यावर कळलं आणि तेव्हापासून ते एसटीला जुळी बहीण मानत आले. बहिणीला लोक उठता-बसता शिव्या घालतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या आतड्याला पीळ पडला. पोट तट्ट फुगलं, उलट्या थांबेनात. साताऱ्याच्या एका इस्पितळात रात्रीच ऑपरेशन करायचं ठरलं. सहीसाठी कागद पुढे आला. त्यावर बरंच काही छापलेलं होतं, मला फक्त 'जिवास धोका' एवढंच दिसलं. सही केली. बाहेरच्या बाकावर बसून रात्र काढली. त्या रात्रीबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांनी अशा बाकावर रात्र काढली आहे त्यांना ती माहीत आहे, आणि ज्यांनी नाही काढली त्यांना ती कळू नये.

ऑपरेशन नीट पार पडलं. मग सुरू झाली ती वाट बघण्याची शिफ्ट. पोट उघडून आतड्यांना हात लागला की ती काम थांबवतात, असं डॉक्टरांनी समजावलं. भुलीचं औषध आणि दुखणं थांबवणारी इंजेक्शनं यांचाही त्यात हातभार असतो. लहान आतडं आधी, दिवसभरात कामाला लागतं. मग जठर. मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. तोवर तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. नाकातून नळी, हाताला सलाइन.

"म्हणजे संप आहे," नाना नळीमुळे घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाले. "मागण्या काय आहेत?"

डॉक्टर तरुण होते, हसले. पण नाना काळजीत होते. 2021-22 चा एसटीचा संप महिनोन्महिने चालला होता, हे ते विसरले नव्हते. आतडं लवकर जागं व्हावं म्हणून हल्ली पेशंटला च्युइंगम चघळायला देतात. तोंड हललं की जेवण येतंय असं आतड्याला वाटतं आणि ते कामाला लागतं. ही फसवणूक नानांना फार आवडली. पण नानांची कवळी रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये होती, त्यामुळे ती योजना बारगळली.

याच सुमारास पुण्याच्या भाचीने मोबाइलवर एक लेख पाठवला. संकटात कृतज्ञतेची वही ठेवावी, असं त्यात होतं. यामागे खरंच संशोधन आहे. एमन्स आणि मॅककलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली ते प्रसिद्ध केलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातल्या चांगल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या; चांगल्या गोष्टी लिहिणारे जास्त समाधानी निघाले. भाचीचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त मला त्या वेळी कुणी कृतज्ञ व्हायला सांगितलं की डोक्यात तिडीक जायची.

आणि सांगणारे काही थोडे नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण आल्या आल्या "एवढ्यावर निभावलं म्हणा" हे वाक्य टाकायचा. "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणारे एक गृहस्थ तर नाकात नळी घातलेल्या माणसाला शहाळं घेऊन आले आणि स्वतःच पिऊन गेले. त्यांच्याबद्दल मात्र मी कृतज्ञ आहे, कारण नाना दिवसभरात पहिल्यांदा तेव्हा हसले. हसले आणि लगेच पोट धरून कळवळले. पोटावर टाके असले की हसायच्या आणि खोकायच्या आधी उशी पोटाशी घट्ट धरायची असते. नॉर्मन कझिन्स नावाच्या अमेरिकी संपादकाने आजारपणात विनोदी सिनेमे बघितले आणि दहा मिनिटं खदखदून हसल्यावर त्याला दोन तास विनादुखण्याची झोप लागायची, असं 1979 च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बरोबर असेल, पण त्याच्या पोटावर टाके नव्हते. आमच्याकडे कुणी विनोदी बोलणार असं दिसलं की नाना आधी उशी मागायचे.

वही मात्र आपोआप सुरू झाली होती. नाना कंडक्टर. वेबिल लिहिल्याशिवाय ज्याची ड्युटी कधी संपली नाही, तो माणूस रिकामा कसा पडून राहणार? सिस्टर सलाइन किती गेलं आणि लघवी किती झाली ते लिहून ठेवायची. नानांनी माझ्याकडून खिशातली छोटी डायरी मागून घेतली आणि समांतर हिशोब ठेवायला घेतला. एका सकाळी मी ती उघडून बघितली. 'सलाइन 1 बाटली. लघवी 300 मि.ली. ताप नाही. समोरच्या पोराने नमस्कार केला. मावशीने ओठ भिजवले.'

ती मावशी मला अजून दिसते. वॉर्डात सगळ्या आया मावशी आणि सगळे वॉर्डबॉय मामा. ही मावशी ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू, कंबरेला पदर खोचलेला. पाण्याचा घोट नाही म्हणून नानांचे ओठ फुटून त्यांवर पापुद्रे आले होते. मी नुसतीच बघत बसले होते. तिने वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा बुडवला, पिळला, आणि ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत हळूहळू फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. "गिळायचं नाही बरं का आजोबा, नाहीतर सिस्टर माझ्या नावानं बोंब मारंल." झाल्यावर पदराने त्यांची हनुवटी टिपली आणि बादली उचलून पुढच्या कॉटकडे गेली. एवढ्याशा ओलाव्याने नानांचा चेहराच बदलला. ते मला म्हणाले, "हिची ड्युटी कधी संपते बघून ठेव गं."

कोपऱ्यातल्या कॉटवरचा माणूस त्याच रात्री गेला. कुणी मोठ्याने रडलंही नाही. सकाळी याच मावशीने चादर बदलली, गादी पुसली, आणि दहाच्या आत तिथे नवीन पेशंट आला. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे वाक्य त्या कॉटपाशी उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

आमच्या कॉटला खिडकी होती. रॉजर उल्रिक नावाच्या संशोधकाने 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला होता. पेन्सिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून त्याने 23 जोड्या लावल्या. झाडं बघणारे जरा लवकर घरी गेले, जहाल वेदनाशामकं त्यांना कमी लागली आणि त्यांच्याविषयी नर्सांनी लिहिलेल्या तक्रारीही कमी होत्या.

आमच्या खिडकीतून वडापावची गाडी दिसायची.

संध्याकाळी पाचला कढई तापायची. नाना उशाला टेकून बघत बसायचे. पहिला घाणा, दुसरा घाणा, मिरच्या तळणं, सगळं. मी पडदा ओढायला गेले तर म्हणाले, "राहू दे. ऊन नाही लागत." वास आत यायचा की नाही ठाऊक नाही, पण नानांचं नाक नळीसकट फुललेलं दिसायचं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "तो चटणी फार पातळ करतो." उल्रिकला हे कळलं असतं तर त्याने कदाचित चोविसावी जोडी लावली असती. ज्याला उद्याच्या चटणीबद्दल मत आहे तो माणूस उठणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले आणि परत आले.

कोरेगावची आत्या दर दोन तासांनी फोन करायची. तिने औंधच्या यमाईला साडी बोलली होती. देवीला नेमकं काय मागितलं असेल याचा मी फार विचार केला नाही.

पहाटे मी कॉटखाली चटईवर आडवी झाले होते. वॉर्डातले दिवे मंद, पंखा एका बाजूला लचकत फिरत होता. आणि वरून तो आवाज आला. एकदा. मग जरा थांबून, ठणठणीत, दुसऱ्यांदा.

"डबल बेल," नाना अंधारात म्हणाले. "जाऊ द्या गाडी!"

एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शेजारच्या कॉटवरच्या दादांनी "अभिनंदन नाना" म्हणून हात उंचावला. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. सिस्टर टेबलवरून उठून आली आणि तिने गंभीर चेहऱ्याने कागदावर वेळ लिहिली. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "झाला? आई यमाई!" आणि फोनवरच रडायला लागली. इतक्या मोठ्या आनंदाला इतकं क्षुल्लक कारण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

सकाळी राउंड झाल्यावर नळी निघाली, मग पाण्याचे घोट सुरू झाले. संध्याकाळी डॉक्टरांनी चहाला परवानगी दिली. बशीत ओतलेला, कोमट, साखर जेमतेम. नानांनी पहिला घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि मग म्हणाले, "आलं घातलेलं नाही." डायरीत मात्र लिहिलं: 'चहा. उत्तम.'

घरी सोडलं त्या दिवशी नानांनी ती मावशी भेटेपर्यंत जायचं नाही असा हट्ट धरला. तिची ड्युटी दुपारची होती. आम्ही सामान बांधून दोन तास बाकावर बसलो. ती आली तेव्हा नाना उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. ती लाजून म्हणाली, "काय बाई आजोबा!" आणि बादली घेऊन आत गेली. नाना आता रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारतात, वडापाव खात नाहीत, पण पातळ चटणीचा राग अजून आहे.

एक विनंती मात्र करते. इस्पितळात कुणाला भेटायला जाल तर शहाळं नेऊ नका, दुसऱ्या कुणाचं असंच झालं आणि तो गेला, ही गोष्ट सांगू नका, आणि निभावलं म्हणा असं तर अजिबात म्हणू नका. जे सोबत राहिले आहेत त्यांना म्हणा, "तू घरी जा, अंघोळ कर, दोन तास झोपून ये. मी बसते इथे." आणि मग खरंच बसा, मोबाइल घेऊन व्हरांड्यात जाऊ नका.