एका बोटावर दोन राज्ये

मागास भागातील मतदाराकडे काय नाही, याची मोजदाद करण्यासाठी महाराष्ट्राने समित्या नेमण्यात कधीही हात आखडता घेतलेला नाही. त्याच्याकडे इतरांहून जास्त काही आहे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याच समितीच्या कार्यकक्षेत आलेला दिसत नाही. विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवरील मुकदमगुडा, अंतापूर यांसारख्या चौदा गावांत एक गोष्ट दुप्पट आहे, ती म्हणजे सरकार. या गावांचा सीमावाद 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या बाजूने मिटला, तरी शेजारच्या राज्याने आपला कारभार आवरला नाही. परिणामी तेथे मराठी शाळेबरोबर तेलुगू शाळा आली, एका सरपंचासमोर दुसरा सरपंच उभा राहिला, आणि घराघरांत दोन रेशनकार्डांसोबत दोन मतदार ओळखपत्रेही जपून ठेवली जाऊ लागली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 नुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असू शकत नाही. कायद्यात खोट नाही. एकाच उंबऱ्यावर दोन राज्ये हक्क सांगतील, एवढे त्याला सुचले नसावे. लोकसभेच्या 2024 च्या निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला होते आणि तेलंगणातील आदिलाबादचे 13 मे रोजी. म्हणजे पहिल्या शाईची रेघ नखाबरोबर जेमतेम वर सरकते न सरकते, तोच दुसऱ्या प्रचाराची गाडी गावात शिरणार.

सत्ताधाऱ्यांची मागील कामगिरी पाहून मत देण्याला राज्यशास्त्रात पूर्वलक्षी मतदान म्हणतात. यात अडचण अशी की विदर्भातल्या सामान्य मतदाराला आपल्या सरकारची तुलना त्याच सरकारच्या जुन्या आश्वासनांशी करावी लागते आणि ती आश्वासने त्याच्याखेरीज कोणालाच आठवत नसतात. जिवतीच्या डोंगरातील दलित, आदिवासी व बंजारा मतदारापुढे मात्र दोन दुकाने समोरासमोर उघडी आहेत. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे वृद्धांना मिळणारे दरमहा 1,000 रुपये 2023 मध्ये 1,500 झाले, तेव्हा तेलंगणाची ‘आसरा’ योजना 2,016 रुपये देत होती, आणि त्याच वर्षीच्या प्रचारात तेथील काँग्रेसने 4,000 रुपयांचे वचन दिले. हा हिशेब करायला कोणत्याही विचारसरणीची गरज लागत नाही. गरजू माणूस पैशाला भुलून मत देतो, असा निष्कर्ष दूरचित्रवाणीवरील चर्चेत तत्परतेने निघतो. निवृत्तिवेतन असलेला माणूस महागाई भत्त्याकडे पाहून मत देतो तेव्हा त्याच चर्चेत त्याला ‘जागरूक मतदार’ म्हणतात.

याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या कुलाबा मतदारसंघातील मतदान 45 टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. राज्याची सरासरी सुमारे 66 टक्के होती. मंत्रालय याच कुलाब्यात आहे, हा निव्वळ योगायोग मानावा. रस्ता, नळ आणि ओळखीचा अधिकारी या तिन्ही गोष्टी हाताशी असल्या की मतदान हा ऐच्छिक विषय उरतो, तर ज्यांना वहिवाटीच्या जमिनीचा पट्टाही सरकारकडेच मागायचा आहे त्यांना तो सोडून चालत नाही. निम्नस्तरातील जातीवर्गांच्या या वाढत्या सहभागाला राजकीय अभ्यासक योगेंद्र यादव यांनी लोकशाहीची दुसरी उसळी म्हटले. वरच्या स्तरातील ओहोटीला मात्र सुट्टीचे नियोजन म्हणतात.

विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन 1953 च्या नागपूर कराराने दिले. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली तूट, म्हणजे अनुशेष, दांडेकर समितीने 1984 मध्ये मोजून दाखवला, आणि तो भरण्यासाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत 2020 मध्ये संपली. एवढ्या कागदांना जे साधले नाही, ते चौदा गावांत एका प्रतिस्पर्धी राज्याने साधले असेल, तर प्रत्येक मागास तालुक्यास एकेक शेजारी राज्य जोडून देण्याचा प्रस्ताव अभ्यासास घेण्यास हरकत नसावी.

परंतु शासनाचा कल उलट आहे. ही गावे पूर्णपणे महाराष्ट्रात आणण्याच्या हालचाली जुलै 2025 मध्ये सुरू झाल्याचे जाहीर झाले. निर्णय न्यायाला आणि नकाशाला धरूनच आहे. दोन ओळखपत्रांपैकी एक जमा करताना वृद्धांच्या मासिक रकमेतील फरक कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, याविषयीचा शासननिर्णय यथावकाश निघेल.