काकांची हवा

न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हातानं गॅस भरायला मनाई आहे. १९४९ पासूनचा कायदा. पंपावरचा माणूस येतो, नळी लावतो, आणि आपण काच खाली करून गप्प बसायचं. एडिसनमध्ये उभी हयात काढूनही आमच्या काकांना हा अपमान पचलेला नाही. नळी परक्याच्या हातात असेपर्यंत ते आरशातून त्याच्यावर डोळा ठेवून असतात. कायद्यानं त्यांना एकच गोष्ट मोकळी सोडली, ती म्हणजे टायरमधली हवा. मग सगळा जोर तिथे निघाला.

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असा एक गृहस्थ असतोच. गणपतीच्या मांडवात माइक खरखरला की हा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. कुणाच्या घरी जेवायला गेला तर आमटीआधी भट्टीचा फिल्टर कधी बदलला ते विचारणार. काका इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आता निवृत्त. दोन्ही मुलींच्या कॉलेजच्या फिया फिटल्या त्या वर्षी त्यांनी घरात कुणालाही न विचारता एक जुनी कॉर्व्हेट आणली. २००२ सालची, पिवळीधमक, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ३५० हॉर्सपॉवर. काकूंनी दारातून बघितलं आणि एवढंच विचारलं, "अहो, मागची सीट कुठेय?" मागची सीट नव्हतीच. स्टेपनीही नव्हती, कारण पंक्चर झालं तरी काही अंतर चालतील असे कडक टायर कंपनी या गाडीला देत असे.

हे वाहन काका रूट वनवर उजव्या लेनमधून नेतात. शाळेच्या बसेस त्यांना ओलांडून जातात. लोक कॉर्व्हेट घेतात ती वेगासाठी नाहीतर आवाजासाठी. काकांनी ती घेतली, असं माझं ठाम मत आहे, डॅशबोर्डवरच्या चार आकड्यांसाठी. बटण दाबलं की प्रत्येक चाकातली हवा किती, हे गाडी चालता चालता सांगते. चारही ठिकाणी तीस दिसलं की काकांचा चेहरा असा खुलतो, जसा इतरांचा शेअर बाजार वर गेल्यावर खुलतो. पारा दहा फॅरनहाइट उतरला की हवा साधारण एका पीएसआयनं उतरते, त्यामुळे डिसेंबरात काकांकडून हवामानाचा अंदाज टायरच्या भाषेत मिळतो. "आज अठ्ठावीस आहे, मफलर घे."

या विषयावर त्यांचं एक व्याख्यानही आहे आणि ते टाळता येत नाही. १९८६ सालच्या पोर्श ९५९ पासून ते सुरू होतं, कारण असली यंत्रणा आधी त्या गाडीत आली. मग फायरस्टोनचे टायर आणि उलटलेल्या फोर्ड एक्स्प्लोरर, त्यावरून २००० साली काँग्रेसनं केलेला कायदा, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला झालेली सक्ती. हवा पंचवीस टक्क्यांनी घटली की दिवा लागलाच पाहिजे. "आणि आपली २००२ ची!" इथे काका थांबतात. सक्तीच्या आधीपासून आपण कायदा पाळत होतो, असा त्या थांबण्याचा अर्थ असतो.

अशा माणसाच्या गाडीत एके दिवशी आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा आल्या आणि वर सूचना: टायर मॉनिटर दुरुस्त करून घ्या. घरात सुतक आल्यासारखं झालं.

बिघाड साधा होता. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काड्यापेटीएवढा सेन्सर बसवलेला असतो. त्यात एक लिथियमचा सेल. गाडी चालू लागली की तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओवरून कळवतो. सात-दहा वर्षांनी सेल मरतो. काकांचं म्हणणं, मग सेल बदलू. पण सगळं रेझिनमध्ये गाडून टाकलेलं. सेल हवा तर सेन्सरच नवा घ्यायचा. शोरूममध्ये नव्या सेन्सरचे आणि ते गाडीला 'शिकवण्याचे' पैसे वेगवेगळे सांगितले, तेव्हा काका उठले. "पैशाचा प्रश्न नाही," ते मला म्हणाले. हे वाक्य ते फक्त पैशाचा प्रश्न असतानाच म्हणतात. "शिकवायचे पैसे? मी दोन मुली शिकवल्या. चार सेन्सर शिकवता येणार नाहीत?"

सेन्सर घरपोच आले. आता टायर रिमवरून उतरवायला यंत्र लागतं आणि ते काकांकडे नाही. ही त्यांच्या आयुष्यातली एक बोच आहे. म्हणून त्यांनी मध्यम मार्ग काढला. गाडी दुकानात न्यायची नाही, चाकं न्यायची. कॉर्व्हेट इतकी खाली बसलेली असते की साधा जॅक खाली शिरत नाही. आधी चाकांखाली फळ्या घालून तिला उचलावं लागलं, मग जॅक, मग चार घोड्या. चाकांची अदलाबदल होऊ नये म्हणून काकांनी प्रत्येकावर खडूनं लिहिलं: डा.पु., उ.पु., डा.मा., उ.मा. वास्तविक या गाडीची पुढची चाकं सतरा इंची आणि मागची अठरा, म्हणजे पुढचं मागे जायची भीतीच नाही. पण काका शास्त्र सोडत नाहीत. काकूंच्या कॅमरीत वर्तमानपत्रं अंथरून ही चार चाकं दुकानात गेली. तिथल्या पोरानं ती अक्षरं बघून त्यांना विचारलं की हा मंत्र आहे का. काका म्हणाले, "इंजिनिअरिंग."

त्यानंतर त्या पोराचा तासभर अंत पाहिला गेला. यंत्राचा दांडा टायरची कड दाबून सुटी करतो, तो नेमका व्हॉल्व्हपाशी आला तर आतला सेन्सर फुटतो. हे खरंच आहे आणि त्या पोरालाही ठाऊक होतं. तरी काका प्रत्येक चाकाला त्याच्या खांद्यावरून ओणवे होऊन सांगत होते, "व्हॉल्व्ह लांब ठेव, लांब ठेव." जुने चारही सेन्सर त्यांनी मागून घेतले. घरी एक हॅकसॉनं कापला, आतला सेल कोरून काढला, मल्टिमीटर लावला आणि समाधानानं जाहीर केलं, "मेलाय." बाकीचे तीन दह्याच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवलेत. कशासाठी, ते विचारायचं नसतं.

मग शिकवणी. किल्ली फिरवायची पण इंजिन सुरू करायचं नाही, डॅशबोर्डवरची बटणं दाबून गाडीला शिकण्याच्या तयारीत आणायची, आणि ती मागेल त्या चाकाच्या व्हॉल्व्हवर चुंबक धरायचं. चुंबकानं झोपलेला सेन्सर जागा होतो, आपला नंबर पाठवतो, गाडी तो टिपून घेते आणि एकदा हॉर्न देते. काकांनी पहिल्यांदा फ्रिजवरचा सिद्धिविनायक आणला. हॉर्न वाजला नाही. "श्रद्धा कमी पडत नाहीये," मला म्हणाले, "गॉस कमी पडताहेत." तळघरातल्या जुन्या स्टीरिओचा स्पीकर फोडून त्यातलं कडं काढलं. हे उत्तम निघालं, कारण भोकातून व्हॉल्व्ह बरोबर आत जातो. एकच अडचण: ते हातातून खाली ठेवायला जागा नाही. कॉर्व्हेटची बॉडी फायबरची, चाकं अ‍ॅल्युमिनियमची. चुंबक कशालाच चिकटेना. शेवटी खिशात टाकलं, तर तिथल्या किल्ल्यांच्या जुडग्याला असं बसलं की सोडवायला दोघं लागलो.

गाडीचा क्रम ठरलेला असतो: डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रदक्षिणाच की." पहिला हॉर्न वाजला, दुसरा वाजला. पण गाडीच्या उजव्या अंगाला भिंत, आणि मध्ये गवत कापायचं यंत्र. काका अडले, पुटपुटले, आणि आले तसेच पुढून वळून डाव्या बाजूनं मागे गेले. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडत नाहीत, तसे. गाडी मागत होती उजवं मागचं; काकांनी चुंबक टेकवलं डाव्याला. तिला काय कळतं? तिनं आनंदानं हॉर्न दिला. मग यंत्र बाहेर ओढून चौथा. आकडे आले, काकूंनी शिरा केला.

आठवड्यानं उजव्या मागच्यात सव्वीस दिसलं. काकांनी हवा भरली. तरी सव्वीस. आणखी भरली, डाव्याचा आकडा चाळीस झाला. काका बराच वेळ दोन्ही चाकांकडे बघत राहिले. काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, अर्धीच घातली होतीत ना!"

आता पुन्हा चुंबक फिरवलं असतं तर काही मिनिटांचं काम. पण तसं करणं म्हणजे शिकवणी चुकली हे कबूल करणं. "शिकवणी बरोबर आहे," काका म्हणाले. "चाकं चुकीच्या जागी आहेत." फळ्या आल्या, जॅक आला, आणि दुपारभर खपून मागची दोन चाकं आपापसांत बदलली. आकडे जागच्या जागी आले. काका हात पुसत उभे राहिले, तेवढ्यात मला टायरच्या अंगावरचा छोटा बाण दिसला. चाक कुठल्या दिशेनं फिरावं ते तो दाखवतो. दोन्ही बाण मागे बघत होते.

मी बोटानं दाखवलं. काका वाकले, चष्मा वर सरकवून दोन्हीकडचे बाण तपासले. खिशावरून हात फिरवला. आत चुंबक होतं. मग सरळ होऊन, मला वाटतं महिन्यात पहिल्यांदाच इतक्या उत्साहानं, म्हणाले, "पुढच्या शनिवारी मोकळा आहेस ना? येताना खडू आण, माझा संपलाय."