गुरुवारी लावलेलं पाणी

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत हल्ली एका प्रकारचा गृहस्थ बराच दिसू लागला आहे. घराचं कर्ज निम्म्याहून अधिक फिटलेलं, मुलगी कॉलेजला गेलेली, तिचा मागच्या अंगणातला झोपाळा गंजलेला. झोपाळा काढला की खाली सिमेंटचा चौथरा उरतो आणि त्या मोकळ्या चौथऱ्याकडे बघून गृहस्थाची पाठ दुखायला लागते. मग तिथे हॉट टब येतो.

या टबवाल्यांत दोन पोटजाती आहेत, दोनशेचाळीसवाले आणि एकशेवीसवाले. दोनशेचाळीसवाल्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. ते इलेक्ट्रिशियन बोलावतात, टाउनशिपचं परमिट काढतात, 50 अ‍ॅम्पिअरची स्वतंत्र लाइन ओढून घेतात, बटण दाबतात आणि पाण्यात बसतात. व्यक्तिचित्र व्हायचं तर माणसाने थोडी तरी अडचण सोसायला हवी. ती एकशेवीसवाला मनापासून सोसतो.

अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला 120 व्होल्ट येतात. कपडे वाळवायचं मशीन, विजेची शेगडी अशा खादाड वस्तूंना 240 ची वेगळी सोय असते आणि मोठे टब याच पंक्तीला बसतात. पण काही टब दोन्हीवर चालतात. चौथऱ्यावर ठेवा, होजने पाणी भरा, साध्या सॉकेटमध्ये पिन खोचा. दुकानदार एवढं सांगून पुढे हळू आवाजात आणखीही काही सांगतो. आपला माणूस तोवर इलेक्ट्रिशियनचे वाचलेले पैसे मोजत असतो.

आमच्या ओळखीतले एक अस्सल एकशेवीसवाले एडिसन गावात राहतात. शिक्षण पुण्याचं, पदवी इलेक्ट्रिकलची. पण पहिली नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली आणि पुढचं आयुष्य तिथेच गेलं. पदवीची आणि विजेची समोरासमोर गाठ पडायला टब यावा लागला. बालपण सांगलीकडच्या गावात. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की घरातला दिवा लालसर व्हायचा, मिक्सर रडायला लागायचा, टीव्हीवरचं चित्र चारही बाजूंनी आत सरकायचं. वडिलांनी घरात आणलेली पहिली चैनीची वस्तू म्हणजे स्टॅबिलायझर. अशा घरातला मुलगा अमेरिकेला गेला आणि दाराशी भरपूर व्होल्टेज उभं असताना त्याने पैसे मोजून कमी व्होल्टेज घरी आणलं.

कारण विचारलं तर ते म्हणतात, “व्होल्टेज निम्मं, म्हणजे खर्च निम्मा.” हे पदवीधराने म्हणावं याचं वाईट वाटतं. 240 वर 4 किलोवॉट ओढणारा हीटर 120 वर लावला की 2 नव्हे, 1 किलोवॉटच देतो. दाब निम्मा झाला की प्रवाहही निम्मा होतो, आणि निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव. हे त्यांना एकाने कागदावर मांडून दाखवलं. खट्टू होण्याऐवजी ते खूश झाले. बचत आपल्या अंदाजाच्याही पुढे गेली म्हणाले.

पाण्याला मात्र हा हिशेब कोणी कळवलेला नाही. टबमध्ये 300 गॅलन मावतात, म्हणजे सुमारे 1135 लिटर. ते 10 अंशांवरून 38 अंश सेल्सिअसवर न्यायचं तर 37 युनिटं लागतात. घाईने द्या नाहीतर सावकाश द्या, पाणी तेवढी घेणारच. 4 किलोवॉटचा हीटर हे काम साधारण एका रात्रीत उरकतो. 1 किलोवॉटचा हीटर 37 तास घेतो, तेसुद्धा वाटेत एक कणभर उष्णता बाहेर गेली नाही तर. उष्णता जातेच. जितका वेळ अधिक, तितकी गळती अधिक. म्हणजे गार पाण्यापासून सुरुवात केली तर यांचं बिल शेजारच्या दोनशेचाळीसवाल्यापेक्षा थोडं जास्तच येणार. हा मुद्दा निघाला की ते “पण लाइनचे पैसे वाचले ना?” असं म्हणून आपल्याला चहा विचारतात.

तर शनिवारी संध्याकाळी चार माणसं यायची असतील तर पाणी गुरुवारी लावावं लागतं. त्यामुळे त्यांच्याकडचं आमंत्रण अचानक कधीच येत नाही. बुधवारी फोन येतो, “नक्की येताय ना? कारण उद्या सकाळी पाणी लावतोय.” यात आग्रह कमी आणि बजावणी जास्त. गुरुवारी लावलेल्या पाण्याला शुक्रवारी ‘मुलाला ताप आलाय’ असं सांगण्याची कोणाची छाती नसते. शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर थर्मामीटरचा फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘91 फॅरनहाइट. प्रगती समाधानकारक.’ शनिवारी सकाळी, ‘97.’ ऑफिसात प्रोजेक्टची प्रगती कळवायची तीस वर्षांची सवय, दुसरं काय!

प्रत्यक्ष टबमध्ये बसल्यावर खरी गंमत कळते. टबचं सुख त्याच्या जेटमध्ये असतं. पंप जोरात चालला की पाण्याचे फवारे पाठीवर बसतात. पण साध्या सॉकेटच्या 15 अ‍ॅम्पिअरच्या सर्किटवर सलग चालणारा भार 12 अ‍ॅम्पिअरपर्यंतच ठेवायचा असतो, म्हणजे जेमतेम 1440 वॉट. त्यात जोराचा पंप आणि हीटर दोघं एकत्र बसत नाहीत. म्हणून जेट सुरू झाले की हीटर आपोआप बंद. वर टबचं झाकण उघडं, अंगणात डिसेंबर. पाठ सुखावत असते आणि पाणी गार होत असतं. यजमान टबमध्ये एका कोपऱ्यात बसतात, हाताशी तरंगता थर्मामीटर. पाहुण्याचा हात जेटच्या बटणाकडे गेला की म्हणतात, “बसा, बसा! आधी पाण्याशी जरा ओळख होऊ द्या.” आठ मिनिटांनी जेट बंद. मग पाहुण्यांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसून भारतातल्या जमिनींच्या भावावर बोलायचं, हीटर हळूहळू झालेलं नुकसान भरून काढण्याचा प्रयत्न करणार. उघड्या टबात ते जमत नाही, पण प्रयत्नाला यजमानांची दाद असते.

त्यांच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. टब पाहून त्या प्रथम गप्प राहिल्या. मग काठावर बसून पदर सावरत त्यांनी पाण्यात हात घातला. त्या दिवशी पाणी 102 वर होतं. फॅरनहाइट 104, म्हणजे 40 सेल्सिअस, ही अमेरिकेत घरगुती टबची कमाल मर्यादा, तिच्या दोनच पायऱ्या खाली. मुलगा आशेने बघत होता.

“अरे, विसण जास्त झालंय,” आई म्हणाल्या.

“आई, यात विसण नाही. हे सगळं तापवलेलंच आहे.”

“दोन दिवस?”

“दोन दिवस.”

“आपला बंब आणायचा होतास की. चार गोवऱ्या घातल्या असत्या.”

दिवाळीत त्यांनी अभ्यंगस्नानाचा घाट घातला. तेल लावून, उटणं चोळून नातू-पुतण्यांची अख्खी फौज पहाटे टबमध्ये उतरवली. जेट सुरू झाले आणि तेल, उटणं, क्लोरीन यांच्या संगमातून जो फेस वर आला, तो झाकणाच्या उंचीला पोचला. फिल्टर उटण्याने गच्च. सगळं पाणी सोडावं लागलं. नवं पाणी भरलं ते थेट होजचं, नोव्हेंबरमधलं. भाऊबीजेला टबभोवती जमलेल्या पाहुण्यांना यजमान झाकण उचलून आतलं पाणी दाखवत होते आणि तापमान कुठवर आलंय ते सांगत होते.

टबचा प्लग गॅरेजमध्ये आहे. त्याच सर्किटवर फ्रीजर आहे. टबच्या पुस्तिकेत स्वतंत्र सर्किट हवं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नका असंही असतं. कॉर्डचा नियम त्यांनी पाळला, कारण कॉर्डला पैसे पडतात. सर्किटच्या नियमाकडे काणाडोळा केला. टब आणि फ्रीजरचा कॉम्प्रेसर यांनी एकाच वेळी वीज मागितली की ब्रेकर पडतो. एका लाँग वीकेंडला ते पोकोनोजच्या डोंगरांत गेले असताना ब्रेकर पडला. परतल्यावर टबचं पाणी गार आणि फ्रीजरमधलं सगळं गरम होतं. ओल्या नारळाचा चव, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, हापूसच्या रसाचे डबे, वहिनींची वर्षभराची पुंजी. त्या रात्री वहिनी काही बोलल्या नाहीत. रस खराब व्हायच्या आत संपवायला म्हणून आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, तेव्हाही नाही.

तळघरात त्यांचा एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. पुण्याहून आणलेला 230 व्होल्टचा मिक्सर चालवण्यासाठी घेतलेला. 120 घालायचे, 230 काढायचे. हा टबला लावला तर? ही कल्पना त्यांना रात्री सुचली आणि सकाळपर्यंत टिकली. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो, वॉट वाढवत नाही. भिंतीतून 1440 येत असतील तर पलीकडून 4000 निघणार नाहीत. शिवाय पाण्यात माणसं बसलेली असताना असले प्रयोग जिवावर बेततात. हे सांगायला शेवटी इलेक्ट्रिशियनच आला, आणि फक्त हे सांगायला आल्याचे पैसे घेऊन गेला.

पाहुणा नवा असेल तर ते त्याला मेन्लो पार्कला नेतात. ते त्यांच्याच टाउनशिपमध्ये आहे. तिथे एडिसनची प्रयोगशाळा होती आणि 1879 मध्ये त्याचा दिवा तिथे जळला. पूर्वी या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. 1954 मध्ये ते बदलून एडिसन ठेवलं. आता तिथे स्मारकाचा मनोरा आहे, माथ्यावर भला मोठा काचेचा दिवा. त्याच्याकडे बोट दाखवून ते सांगतात, “याच माणसाने दिव्यांसाठी 110 व्होल्ट ठरवले. आपला टब त्याच परंपरेतला.” त्याच एडिसनने 1883 मध्ये तीन तारांच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं, मधली तार धरून बाजूच्या दोन्हींवर 110, आणि त्या दोघींमध्ये दुप्पट. अमेरिकेतल्या घरांना आज मिळणारे 240 त्याच युक्तीचे वंशज. म्हणजे बाजूच्या त्या दोन्ही तारा यांच्या घरातही आलेल्या आहेतच, हे एकीवरच भागवतात. मनोऱ्याखाली तीन तारांचा विषय निघत नाही.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वहिनींनी त्यांना न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावला. परमिट काढलं, अंगणातून चर खणला, 50 अ‍ॅम्पिअरचा ब्रेकर बसवला, टबच्या आतली एक जोडणी बदलली. संध्याकाळी बटण दाबलं, सकाळी पाणी 102. जेट सुरू केले तरी हीटर बंद पडेना. पाहुणे आता आयत्या वेळी फोन करून येतात, हवे तितके जेट लावतात आणि निघून जातात. थर्मामीटरला कोणी विचारत नाही. गृहस्थ टबमध्ये बसतात, पण लक्ष नसतं. एकदा तर मी त्यांना उगाचच झाकणाची फट तपासताना पाहिलं.

मग त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. “अंगणात आता मोठी लाइन आलीच आहे, तर गाडीसाठीही 240 चा चार्जर बसवून घ्या,” असं सगळ्यांनी सुचवलं. ते म्हणाले, “कशाला? गॅरेजमध्ये साधं सॉकेट आहे की.” त्या सॉकेटवर गाडी तासाला सुमारे 4 मैल खाते. कुठे कधी जायचं असेल तर किती तास आधी लावायची, याचा तक्ता त्यांनी फ्रीजवर चिकटवला आहे, हिवाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. आणि पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊ लागले आहेत, ‘62 टक्के. प्रगती समाधानकारक.’

वहिनी हल्ली मेट्रोपार्कहून ट्रेन पकडतात.