सोलापूर, फक्त सोलापूर

महाराष्ट्रात सोलापूरला कोणी जात नाही, सोलापूरवरून जातात. तुळजापूरला जायचं तर सोलापूरवरून, अक्कलकोटला जायचं तर सोलापूरवरून, गाणगापूर, विजापूर, हैदराबाद, सगळं सोलापूरवरून. स्टेशनाबाहेर आलेला पाहुणा शहराकडे मान वळवण्याआधी पुढची एसटी किती वाजता ते विचारतो. त्यामुळे रविवारच्या जेवणात आमच्या मेहुण्यांनी "आपण एक दिवस सोलापूर बघायला जाऊ. फक्त सोलापूर," असं जाहीर केलं तेव्हा मामींनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि अक्कलकोट?"

मेहुणे नुकतेच मुलाकडे इंग्लंडला जाऊन आले होते. तिकडे म्हणे बंद पडलेल्या गिरण्यांतही लोक हौसेनं जातात, जुन्या यंत्रासमोर उभं राहून फोटो काढतात आणि खालच्या मजल्यावर कॉफी पितात. "आणि आपण काय करतो? गिरणी दिसली की विचारतो, इथे टॉवर कधी होणार!" मेहुणे निवृत्त इंजिनियर असल्यामुळे त्यांच्या मनात आलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत एक्सेलमध्ये उतरते. रात्री आमच्या सगळ्यांच्या फोनवर तक्ता आला. त्यात वेळ, ठिकाण, अंतर आणि 'शेरा' असे रकाने होते. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे 'वेळ पाळावी' असं लिहिलं होतं.

पहिला प्रश्न गाडीचा. मेहुण्यांना रेल्वेनंच जायचं होतं, कारण 1860 साली रेल्वे आली म्हणून तर या गावात पुढे गिरण्या आल्या. कापूस आणि बाजारपेठ दोन्ही रुळांना बांधलेली. तेव्हा सहल ऐतिहासिक क्रमानं व्हावी. पण वेळापत्रक उघडल्यावर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. हुतात्मा एक्सप्रेस पहाटे सोलापूरहून निघते, सकाळी पुण्यात येते आणि संध्याकाळी पुण्याहून परत जाते. वंदे भारत सकाळी सोलापूर सोडते आणि रात्री परत पोचते. म्हणजे सोलापूरच्या माणसानं सकाळी उठून बाहेर जावं, कामं उरकावीत आणि झोपायला घरी यावं, हे रेल्वेनं गृहीतच धरलंय. उलट दिशेनं कोणी हौसेनं एका दिवसासाठी येईल, ही शक्यता रेल्वे बोर्डाच्या मनाला शिवलेली नाही. या गाड्यांनी गेलो असतो तर रात्री दहाच्या सुमारास पोचून पहाटे सहाला परत निघावं लागलं असतं. मेहुण्यांनी तरीही त्या आठ तासांचा एक तक्ता करून पाहिला, हे मी त्यांच्या लॅपटॉपवर पाहिलंय.

शेवटी मोटार ठरली. पुण्याहून अडीचशे किलोमीटर, पहाटे पाचला निघायचं.

मोटार म्हटल्यावर देव जागे झाले. सोलापूरपासून अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या आसपास. मामींचा मुद्दा सरळ होता. इतक्या जवळ जाऊन दर्शन न घेता परत आलो तर स्वामींना काय वाटेल? मेहुणे म्हणाले, स्वामींना वेळापत्रक कळतं. मामी म्हणाल्या, मग त्यांना आपलं वेळापत्रक बदलताही येतं. अखेर मेहुण्यांनी तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत नियम लिहिला : 'महापालिका हद्दीबाहेरील देवस्थाने वर्ज्य.' हा नियम त्यांच्याच अंगाशी येणार होता.

वकीलकाकांना सोलापूरविषयी एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. एलएल.बी.ला असताना घटनेच्या पेपरात त्यांनी शोलापूर मिलचा खटला लिहिला होता. 1949 मध्ये चालकांनी गिरणी बंद केली, सरकारनं 1950 मध्ये त्या एका गिरणीसाठी स्वतंत्र कायदा करून कारभार हाती घेतला, आणि एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला : सबंध देशात आमच्याच गिरणीला वेगळा न्याय का? तो हरला. पुढे दुसऱ्या खटल्यात मात्र तोच कायदा टिकला नाही. "तुम्ही ताजमहाल बघता," काका म्हणाले, "मला कलम 14 बघायचंय."

आता तारीख. सोलापूरच्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, "बघायला काय आहे बे सोलापुरात? मी तर जन्मात कधी किल्ल्यात गेलो नाही." मग थोडं थांबून, "जेवायला या की." जानेवारीत गड्ड्याला या, असं त्याचं म्हणणं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, उंचच उंच नंदीध्वज खांद्यावर पेलत निघालेली माणसं, अक्षता सोहळा. कुंभाराच्या मुलीनं सिद्धेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, अशी त्यामागची कथा. पण गड्ड्याला सोलापुरातल्या प्रत्येक घरात आधीच वीस पाहुणे. मे महिना काढला तर भाऊ उत्साहानं म्हणाला, "ये की, दुपारी रस्ते एकदम मोकळे असतेत." सोलापूरच्या मे महिन्यात रस्ते का मोकळे असतात, ते मला विचारायचं धैर्य झालं नाही. डिसेंबर ठरला. डिसेंबरातलाही वार ठरेना, कारण वहिनींना त्यांच्याकडच्या पाण्याचा दिवस टाळायचा होता. सोलापुरात वार सात नसतात. नळाला पाणी येण्याचा आणि न येण्याचा, असे दोनच.

तर एका न येण्याच्या वारी आम्ही पहाटे निघालो. वाटेत भिगवणपासून पुढे उजनीचं पाणी किती वेळ डावीकडे चमकत राहिलं. 117 टीएमसीचं धरण, समुद्रासारखं पसरलेलं, आणि त्याच्याच भरवशावरच्या शहरात आमची वहिनी बादल्या भरण्याचं पंचांग मांडते. यावर मेहुणे अर्धा तास बोलले. तेवढ्यात टेंभुर्णी मागे पडली.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. भुईकोट आहे, बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. 1818 मध्ये मन्रोच्या फौजेनं तो पेशव्यांच्या लोकांकडून घेतला. आम्ही तो तक्त्याप्रमाणे चाळीस मिनिटांत घेतला. तटावरून सिद्धेश्वर तलाव आणि त्याच्या मधोमध मंदिर दिसतं. मामींना ते दिसलं, आणि तिथे सहलीची सत्ता मेहुण्यांच्या हातून निसटली.

मंदिर महापालिका हद्दीतलं, त्यामुळे नियमात बसत होतं. दर्शन झालं. आवारातल्या एका आजोबांनी मामींना सहज सांगितलं की बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात आणि गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगं स्थापन केली. मामींनी पर्स उघडून पेन काढलं. "अडुसष्ट? आणि सगळी हद्दीतच ना हो?" मेहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्कलकोट परवडलं असतं." अकराव्या लिंगापाशी तह झाला. मेहुण्यांनी उरलेल्या सत्तावन्नांसाठी तक्त्याच्या तळाशी 'पुढील टप्पा' असा रकाना काढला.

जुनी मिल. 1877 साली मुरारजी गोकुळदासांनी उभी केलेली, सोलापुरातली पहिली कापड गिरणी. त्यांचं नाव मुरारजी पेठेत राहिलं आणि गिरणी पत्त्यांत राहिली : 'जुनी मिल कंपाउंड' असं लिहिलं की पत्र पोचतं. भोंगा गेला, पाळ्या गेल्या, घड्याळं त्या भोंग्यावर लावायची सवय असलेली पिढीही बरीचशी गेली. काकांच्या खटल्यातली गिरणी ती हीच. वकीलकाका गाडीतून उतरले, कोट नीट केला आणि पाच मिनिटं स्तब्ध उभे राहिले. समोर पार्किंग होतं. रस्त्यावरून चाललेल्या एका गृहस्थांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "जागा बघायला आलाय का?"

हे दिवसभर चाललं. सोलापुरात वर मान करून जुन्या इमारतीकडे बघणारा माणूस एकतर बिल्डर असतो, नाहीतर सरकारी. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेला नाही. इंद्रभुवनासमोर, म्हणजे आप्पासाहेब वारदांच्या त्या देखण्या वाड्यासमोर, जिथे महापालिका बसते, मेहुणे सज्ज्यावरचे पुतळे मोजत होते. तर पानवाल्यानं सांगितलं, "तक्रार असली तर आतल्या खिडकीवर द्यायची, साहेब." भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरापाशीही तेच. 1938 साली या गावचा तरुण डॉक्टर युद्धातल्या चीनला गेला, तिथेच राबला, तिथेच 1942 मध्ये गेला. शांतारामबापूंनी त्याच्यावर सिनेमा काढला. स्मारक बघायला चीनचे पाहुणे येतात. पुण्याहून कोणी आलंय, म्हटल्यावर शेजारच्या दुकानदाराचा विश्वास बसेना. "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे?"

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मात्र तक्त्यातली दहा मिनिटं पुरली नाहीत, आणि मेहुण्यांनी घड्याळही पाहिलं नाही. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गिरणगाव इतकं पेटलं की काही दिवस इथे इंग्रजांचं राज्य नावालाही उरलं नव्हतं. मग मार्शल लॉ आला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याला फाशी गेले. हुतात्मा एक्सप्रेस ती यांच्या नावाची. रोज पहाटे ती पुण्याला निघते, तेव्हा डब्यातल्या किती जणांना ही चार नावं सांगता येतील? आमच्यातल्या कोणालाही आली नव्हती. काकांनासुद्धा नाही.

दुपारी भावाकडे जेवण. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि गव्हाची हुग्गी. शेंगाचटणी ही पुण्यातल्या बरणीतली कोरडी पूड नव्हे. ती उखळात कुटताना शेंगदाण्याचंच तेल सुटतं आणि चटणी बोटाला चिकटून राहते. कडक भाकरी मोडताना आवाज झाला की वहिनी समाधानानं मान हलवायच्या. तक्त्यात जेवणाला पंचेचाळीस मिनिटं होती. तेवढ्यात पहिली वाढणी झाली.

उरला कारखाना. मेहुण्यांची अट होती की चालू माग बघायचा. बंद इंग्लंडमध्ये पुष्कळ पाहिले. भावानं एका ओळखीच्या यंत्रमागवाल्याला फोन लावला, पत्ता घेतला आणि गाडीत बसल्यावर सांगितला : "अक्कलकोट रोड, एमआयडीसी."

गाडीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून मामींचा अत्यंत तृप्त आवाज आला, "स्वामींच्या मनात असलं की असं होतं."

"एमआयडीसी हद्दीत आहे!" मेहुणे ओरडले.

"मी कुठे काय म्हणाले? रस्ता कुणाचा आहे ते सांगितलं."

माग बघणं म्हणजे आधी ऐकणं. दारातच कानठळ्या बसतात. आत उभ्या माणसाशी बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं, त्यामुळे इथली सगळी संभाषणं गुपितासारखी दिसतात. मालक पद्मशाली, पूर्वज तेलंगणातून मागाबरोबर आलेले. कारागिरांशी तेलुगू, फोनवर कन्नड, आमच्याशी मराठी, आणि धागा तुटला की तिन्ही भाषांतलं एकेक निवडक. त्यांनी वर बोट दाखवलं. मागाच्या डोक्यावर जकार्ड, आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी सरकत होती. भोक आलं की त्या जागचा धागा वर, नाही आलं तर खाली. एवढ्यावर चादरीवर मोर उमटत होता, पिसांसकट. मेहुणे हरखून मालकाच्या कानात ओरडले, "अहो, हे तर कॉम्प्युटरसारखंच!" मालक शांतपणे म्हणाले, "ते नंतर आलं. आमचं आधीचं." आता इलेक्ट्रॉनिक जकार्डही आलेत, टॉवेल परदेशी जातात, शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने वाढलेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. तक्ता मेहुण्यांच्या खिशातच राहिला.

चादर घेतल्याशिवाय निघणं शक्यच नव्हतं. मामींनी पोत तपासला, वजन तपासलं आणि विचारलं, "पानिपतची नाही ना?" सोलापुरी चादरीला जीआय मानांकन मिळालं तरी पानिपतच्या मालावर सोलापुरी नाव घालून विकणारे आहेतच. 1761 नंतर पानिपतनं मराठी मुलखावर पुन्हा चाल केली ती चादरींतून. मालकांनी दुखावल्या चेहऱ्यानं मागाकडे हात केला. चादर अजून त्यावरच होती.

बाहेर आलो तेव्हा सूर्य कलला होता. विमानतळाच्या बाजूला आकाश मोकळं दिसत होतं. तिकडच्या साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून 2023 मध्ये पाडली. चिमण्यांच्या गावात विमान आणायचं तर आधी चिमणी जावी लागते. आता विमान येतं म्हटल्यावर तरी लोक सोलापूर बघायला येतील, असं मी भावाला म्हटलं. तो म्हणाला, "येतेत की. विमानतळावरून डायरेक्ट तुळजापूर."

परतीच्या वाटेवर मोहोळ ओलांडलं आणि मेहुण्यांचा फोन वाजला. जुन्या मिलपाशी भेटलेल्या गृहस्थांनी नंबर कुठून तरी मिळवला होता. मेहुण्यांनी स्पीकर लावला.

"साहेब, मिलची जागा अडचणीचीच आहे, सोडून द्या," पलीकडून आवाज आला. "अक्कलकोट रोडला क्लिअर टायटलचा प्लॉट आहे. रविवारी येताय का बघायला? तिथून देवस्थान पाऊण तासावर."

"येतो म्हणा," मामी म्हणाल्या.