हौसेला मोल नसतं म्हणे

कोलाडात धंदा कुणीच करत नाही. आंबेवाडी नाक्यापासून सुतारवाडीपर्यंत कुणालाही विचारा. कडव्या वालांचे, आंबोशीचे, पोह्याच्या पापडांचे फोटो ग्रुपवर टाकायचे, ठाण्या-डोंबिवलीच्या ऑर्डरी घ्यायच्या, खोकी बांधून कुरियरवाल्याच्या हवाली करायची, मग पैसे जमा झाल्याचा मेसेज चष्मा पुसून वाचायचा. हे सगळं हौस म्हणून चालतं. "कसला धंदा हो भाऊ, टाइमपास!" हा टाइमपास मे महिन्यात इतका वाढतो की पॅकिंगला दोन बाया लावाव्या लागतात.

ही हौस समोरचा माणूस बघून आकार बदलते. मुलासाठी स्थळ आलं की तिचा 'ऑनलाइन बिझनेस' होतो आणि गिऱ्हाईक थेट दुबईपर्यंत पोचतं. मुद्रा कर्जासाठी बँकेत गेलं की तीच हौस सहा लाखांच्या उलाढालीचा गृहउद्योग होते. आणि "रिटर्न भरता का?" असं विचारलं की क्षणात आक्रसते: "छे हो, कुरियरचा खर्चसुद्धा सुटत नाही." नेमका हाच प्रश्न बँकेचा मॅनेजर विचारतो. मग संध्याकाळी रोह्याला सीएच्या दारात उभं राहून, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न कसंही करून दाखवा म्हणून विनवणी. उत्पन्न लपवायला आलेली गिऱ्हाइकं सीएनं पुष्कळ पाहिलेली असतात, पण दाखवायला मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेलं बघितलं की त्यालाही भरून येत असावं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण या विषयावर चहाच्या टपरीवर जे सांगितलं जातं ते ऐकून आयकर खात्यालाही आपला कायदा ओळखू यायचा नाही. नफ्यासाठी पुन्हापुन्हा माल बनवून किंवा आणून विकला की तो व्यवसाय. दुकानातून विका, वेबसाइटवरून विका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर नणंदेच्या ग्रुपात विका. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा किरकोळ विक्रीला वर्षाकाठी १,००० पौंडांची सूट आहे, तेवढ्यापर्यंत सरकार हौस समजून घेतं. आपल्याकडे हौसेसाठी वेगळी सूट नाही.

पण घाबरायचं काय त्यात? सहा लाखांची विक्री आणि सगळे पैसे फोनवर आलेले, असं धरू. अंदाजित नफ्याच्या सोयीत डिजिटल जमेच्या किमान सहा टक्के नफा धरतात, त्याहून जास्त सुटत असेल तर जास्त दाखवायचा. म्हणजे निदान ३६,००० रुपये. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे रिटर्न भरावं लागतं, पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीनं शून्यावर येतो. थोडक्यात, ज्याच्या धास्तीनं आख्खी आळी दबक्या आवाजात बोलत होती, तो कर निघाला शून्य रुपये शून्य पैसे.

अडकतो तो वेगळाच माणूस. धाटावच्या कारखान्यात चांगल्या पगारावर असलेला, दरवर्षी इमानेइतबारे रिटर्न भरणारा आणि शनिवार-रविवारी मित्रांना सुकट-बोंबील ऑनलाइन विकणारा. त्याला वाटतं, पगारावर कर कापला गेला, विषय संपला. वीस हजार सुटले असले तरी ते पगारात मिळवून दाखवायचे असतात, आणि तेही पगारदारांच्या 'सहज' फॉर्मात नाही. पेन्शनवाल्या गुरुजींचंही तेच.

शेतीवाले मात्र छाती पुढे काढून सांगतात, आमचा माल शेतीचा, आम्हाला कर नाही. स्वतःच्या शेतातले वाल सुकवून, पाखडून विकले तर खरंच नाही. शेजाऱ्याचे घेऊन विकले तर तो व्यापार. पण खरा पेच बिरड्याचा. ठाण्याच्या सुनेला वाल भिजवायला, मोड आणायला, सोलायला वेळ नसतो, म्हणून ती सोललेलं बिरडं मागवते. कायद्याप्रमाणे माल बाजारात नेण्याजोगा करायला शेतकरी सर्वसाधारणपणे जेवढं करतो तेवढीच शेती. मग वालाला मोड येतो त्या क्षणी शेती संपून उद्योग सुरू होतो, की साल निघाल्यावर? माझं मत सालीच्या बाजूनं आहे. वाल सोलणं हे कष्टाचं काम आहे, आणि कष्टावर कर बसवणं सरकारला नेहमीच सोपं गेलंय.

घरातलं जुनं सामान विकणाऱ्यांची गोष्ट निराळी. वापरलेलं कपाट, जुनी स्कूटर, पोरानं दोनदा वाजवून ठेवलेली गिटार विकली तर आयकर नाही, त्या वापरातल्या वस्तू. आजीची नथ मात्र दागिना, तिच्यावर भांडवली नफा मोजायचा. नथ रोज नाकात होती, हे सांगून उपयोग नाही. एका महाराजांनी चांदीच्या लगडी आणि नाणी विकून, ती आमच्या लक्ष्मीपूजनातली म्हणून वैयक्तिक वापराची, असा दावा केला होता. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. महाराजांचं चाललं नाही तिथं आंबेवाडीच्या आजीचं काय चालणार?

जीएसटीनं तर आपल्या सीमाप्रश्नालाच हात घातलाय. लोणचं महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलंत, तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. विक्रीच्या वेबसाइटवरूनही २०२३ च्या ऑक्टोबरपासून ही मुभा आहे. पण तीच बरणी बेळगावच्या गिऱ्हाइकाला पाठवली की ती परराज्यातली विक्री, पहिल्या बरणीपासून नोंदणी हवी. बेळगाव आपलंच, म्हणून आपलं सरकार २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात भांडतंय, आणि जीएसटीच्या पोर्टलनं निकालाची वाट न बघता ते कर्नाटकाला देऊन टाकलंय. गोव्याचंही तसंच. कोलाड स्टेशनातून १९९९ पासून रो-रोवर चढून आख्खे ट्रक कोकण रेल्वेनं गोव्याकडे निघतात, पण काकूंच्या लोणच्याला त्या दिशेनं जायला नंबर लागतो. पेणचे मूर्तिकार तेवढे सुखी, मातीच्या मूर्तीवर जीएसटी शून्य. आयकर मात्र आहे. देवाला माफी, घडवणाऱ्याला नाही.

"पण सरकारला कळणार कसं?" हा टपरीवरचा शेवटचा आणि लाडका प्रश्न. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात चहावाल्या-भाजीवाल्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. मग बंगळूरच्या कित्येक गाड्यांवरचे क्यूआर कोड गायब, 'फक्त रोख' अशा पाट्या. इकडे ती बातमी पोचताच दोन दिवस कोलाडातही सुट्ट्या पैशांना मान आला होता.

तरी मला विचाराल तर इथं आयकरवाल्याला कुणी भीत नाही. भीती आहे ती 'लाडकी बहीण' योजनेचे १,५०० रुपये बंद होण्याची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकरदाता नको, अशी अट आहे. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणून कुणी करदाता होत नाही, हे मी आमच्या एका वैनींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ते तुम्हाला कळतं हो भाऊ," त्या म्हणाल्या, "पण माझ्या जावेला कळणार आहे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तरीही कर्जासाठी रिटर्न भरलं. कर लागला शून्य. सीएनं फी घेतली ती वेगळी. आठवड्याभरात 'वैनींचा आयटी झाला' ही बातमी वाडीभर फिरली, आणि गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन हजर झाली. दरवर्षीची पाचशे एक वर्गणी यंदा न विचारता पाच हजार एक फाडलेली होती.