भुतांचा अनुशेष

मराठी टीव्हीवरच्या भुताला कोकण काही सोडवत नाही. नारळी-पोफळी, लाल माती, पागोळ्या, कंदील आणि जुना वाडा एवढी सोय झाल्याशिवाय ते प्रकटच होत नाही. ज्याची त्याची आवड म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण शिरूर अनंतपाळच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आमच्या मंडळींनी ते अजून सोडलेलं नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातल्या भुताची मालिका झी मराठीवर २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिची तीन पर्वं होऊन गेली, पडदा पडला, तरी चहाच्या दुसऱ्या कपाला तिच्यातले अण्णा नाईक येतातच.

मंडळी म्हणजे निवृत्त गुरुजी, मेडिकलवाले अप्पा, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे आमचे सर (यांनी तिन्ही पर्वं 'अभ्यास म्हणून' पाहिली, एकही भाग न चुकवता), लातूरला नीटच्या क्लासला असलेला अप्पांचा पोरगा, गल्ल्यावरून मधेच मुद्दा टाकणारे हॉटेलवाले मामा, आणि मी. पोराचा अभ्यास लातूर पॅटर्नचा, त्यामुळे त्याला कुठलं पात्र कुठल्या पर्वात मेलं हे चार पर्यायांसकट पाठ आहे. अण्णा पहिल्या पर्वात सुरुवातीलाच जातात, दुसऱ्या पर्वात कथा मागं जाऊन त्यांना जिवंत दाखवते आणि तिसऱ्यात ते भूत म्हणून वावरतात. हा क्रम गुरुजींना आजही मान्य नाही. त्यांच्या मते आधी जन्म, मग पराक्रम, मग मृत्यू असं चरित्र लिहायची पद्धत आहे. पोरगा म्हणतो, "गुरुजी, प्रीक्वेल असतंय ते." गुरुजी म्हणतात, "मग आमच्या वेळी शाळेत दहावी आधी घ्यायला पाहिजे होती."

पहिलं पर्व चालू होतं तो उन्हाळा आमच्या जिल्ह्याला चांगलाच लक्षात आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. दिवसभर टँकरमागं घागरी घेऊन पळालेली माणसं रात्री टीव्हीसमोर बसायची, आणि समोर सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, भोवती हिरवीगार झाडी. मामांच्या आईचं लक्ष भुताकडं नसायचंच. एकदा अण्णा घर का सोडीनात यावर घरात वाद चालला होता. म्हातारी म्हणाली, "झाडं बगा की कशी हिरवी हाईत. त्या माणसाला मरून बी जाऊ वाटंना, ते उगंच का?" त्या मालिकेवर पेपरांत पुष्कळ लिहून आलं, पण भुताच्या मनात इतकं आत शिरलेलं मला तरी कुणी दिसलं नाही.

गंमत अशी की मालिका सुरू झाली तेव्हा तिकडं सिंधुदुर्गात काही लोकांनी कोकणाची बदनामी होते म्हणून आवाज उठवला होता. ही बातमी आमच्या हॉटेलात वाचली गेली तेव्हा क्षणभर शांतता पसरली. ज्यांच्याकडं आहे त्यांना किंमत नसते, हे अप्पांनी बोलून दाखवलं. गुरुजींनी मात्र विषय थेट विभागीय पातळीवर नेला. वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ साली महाराष्ट्राचा अनुशेष मोजला. सिंचन मोजलं, रस्ते मोजले, दवाखाने, शाळा, वीज सगळं मोजलं. "भुतांचा रकाना तेवढा राहून गेला," गुरुजी म्हणाले. "चार दशकं झाली. भुतं सगळी कोकणात, एखाददुसरं पुण्याच्या पेठेत. मराठवाड्याच्या वाट्याला काय? एक मुंजा, तो बी पिंपळ तोडला की बेघर."

गुरुजींचं घराणं मात्र मालिकेचं नाही, भुताच्या हिंदी सिनेमांचं, म्हणजे रामसे घराणं. दरवर्षी जत्रेच्या आणि गणपतीच्या दिवसांत भाड्यानं व्हीसीआर यायचा, रात्रभर तीन-तीन सिनेमे चालायचे आणि पहिले दोन मारामारीचे झाल्यावर बायका-पोरं झोपली की तिसरा लावायचा. तो 'पुराना मंदिर'. १९८४ चा सिनेमा. त्यातल्या सामरी सैतानाचं धड एकीकडं आणि मुंडकं पेटीत बंद करून दुसरीकडं, ही कल्पना गुरुजींना आजही प्रशासकीय दृष्ट्या फार पटते. सामरीचं काम करणारे उंचापुरे अजय अगरवाल शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर होते हे कळल्यावर तर गुरुजींचा आदर दुणावला. पडक्या इमारतीत वावरायचं तर माणूस त्यातला जाणकार नको का?

रामसेंनी ते भुताचं दुकान थाटलं कसं, हेही गुरुजी रंगवून सांगतात. फत्तेचंद रामसे मूळचे कराचीचे, रेडिओच्या धंद्यातले. १९७० साली त्यांनी पृथ्वीराज कपूरना घेऊन 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' काढला आणि तो पडला. पण त्यात चोर भयानक मुखवटा घालून येतो त्या प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा यायचे. मुलांनी ते हेरलं, सगळं कुटुंब महाबळेश्वरला एका विश्रामगृहात जाऊन राहिलं आणि थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' तयार झाला. पुढं मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचा वाडा त्यांच्या सिनेमांतून कितीदा तरी दिसला. "बगा," गुरुजी थांबून म्हणतात, "महाबळेश्वर, मुरुड. पुन्हा कोकण आन घाट. कराचीचा माणूस इतका लांब आला, अजून थोडं पुढं यायला काय झालं होतं?"

पुढं १९९३ साली हेच रामसे 'झी हॉरर शो' घेऊन टीव्हीवर आले. इथं आमच्या मंडळींत सरळ दोन तट आहेत. पोराचं म्हणणं, भूत सिनेमाचंच, कारण ते दोन तासांत काय ते करून मोकळं होतं. मालिकेतलं भूत दाराच्या कडीला हात घालतं आणि साबणाची जाहिरात येते. तो दाखला देतो 'तुंबाड'चा. २०१८ ला आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४ ला पुन्हा लावला तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. अप्पांचं म्हणणं नेमकं उलट. सिनेमाचं भूत पाहुणं, मालिकेचं घरचं. रोज जेवणं झाली की येणार, आपण भांडी आवरेपर्यंत थांबणार. एखाद्या दिवशी लाईट गेली तर आज त्याचं काय झालं असेल म्हणून आपल्यालाच चुटपुट. मी अप्पांच्या बाजूचा. ज्याची काळजी वाटते त्याची भीती टिकत नाही, हे खरं. पण शिरूरमध्ये रात्री लाईट टिकत नव्हती त्या दिवसांत घाबरवायला मालिकेची गरज होती कुणाला?

हा वाद आमचाच असं वाटायचं. एकदा पोरानं मोबाइलवर शोधून काढलं की अमेरिकेत हाच तंटा अर्धं शतक चालू आहे. 'डार्क शॅडोज' नावाची मालिका, १९६६ ते १९७१, तब्बल १,२२५ भाग. मामांनी गल्ल्यावरूनच हिशोब केला, "रोज एक म्हणलं तरी सव्वातीन वर्षं!" पहिल्या वर्षात ती जवळजवळ बुडाली होती. मग बार्नबस कॉलिन्स नावाचा, पावणेदोनशे वर्षं शवपेटीत कोंडलेला रक्तपिपासू पूर्वज मालिकेतल्या वाड्यात आणला. आणला होता थोड्या आठवड्यांसाठी, पण लोकांनी जाऊच दिला नाही. शाळा सुटली की पोरं त्याला बघायला घरी पळत सुटायची. मालिका घाईत चित्रित व्हायची, पुन्हा पुन्हा टेक घेणं परवडायचं नाही, म्हणून कधी भिंत हलायची, कधी वरून माइक डोकवायचा. चाहत्यांना आजही तेच प्रिय. मालिकेवर १९७० आणि १९७१ ला दोन सिनेमे निघाले, २०१२ ला टिम बर्टननं जॉनी डेपला घेऊन आणखी एक काढला. भिंत हलेना, माइक दिसेना आणि वर विनोद घातलेले, त्यामुळे बरेच जुने भक्त नाराज. गुरुजी म्हणाले, "म्हणजे अण्णांचंच. आणला होता मेलेला म्हणून, तो मालक होऊन बसला."

माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. ती मालिका लागायची दुपारी. पोरं भीती बघायची ती लख्ख उजेडात. तिथंच मला वाटलं, आमच्या भुतांचं जे अडलं आहे ते अंधार नसल्यामुळे. आमच्याकडं धुकं नाही, दाट झाडी नाही, विहिरीत डोकावलं तर तळ दिसतो. पण भर दुपार आहे! मे महिन्यात बारा वाजता मसणवट्याच्या वाटेनं जाऊ नको असं आमच्या आज्या सांगायच्या, ते उन्हासाठी का आणखी कशासाठी हे कधी स्पष्ट करायच्या नाहीत. चकवा लागतो तो काय जंगलातच लागतो? नांगरून टाकलेल्या काळ्या रानात, जिथं चारी दिशांना लपायला झुडूप नाही, सगळं स्वच्छ दिसतंय, तिथं माणूस त्याच बांधावर फिरून फिरून येतो. अंधारात वाट चुकली तर समजून घेता येतं. उजेडात चुकलेल्यानं कुणाला सांगावं?

आणि वास्तू म्हणाल तर गढ्या आहेत. पांढऱ्या मातीचे ढासळते बुरूज, दिंडीदरवाजा, भिंतीतली बळदं, जमिनीखालची पेवं. पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक. त्यासाठी भूत लागत नाही. जुन्या घरांची खरी भीती तर आमच्या जिल्ह्याला एकदाच बसली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं, किल्लारीच्या भूकंपात तेच झोपलेल्या माणसांवर आलं, हजारो गेली. नंतर कितीतरी महिने लोक अंगणात, पत्र्याखाली झोपले. पुढं ज्यानं त्यानं जमेल तसं माळवद उतरवून पत्रा नाहीतर स्लॅब घातला. स्लॅबच्या दोन खोल्यांत भूत कुठं वावरणार? 'झी हॉरर शो' त्याच वर्षीचा. आमच्याकडं तो पोचला तेव्हा करकरणारं दार ऐकून कुणी हललं नाही, पण शेजारी कुणी जोरात पेटी सरकवली की सगळं घर बाहेर.

तर शेवटी आम्हीच मालिका करायचं ठरवलं, तोंडी. वेळ भर दुपारची. गढी, पेव, वाटणी. (नाईकांच्या वाड्यातही मुळात वाटणीचाच घोळ आहे, असं अप्पांचं पहिल्यापासून मत.) भूत आजोबांचं, सातबाऱ्यावरून आपलं नाव कमी केलं म्हणून चिडलेलं, फेरफार मंजूर झाला की तलाठ्याच्या स्वप्नात येणारं. भाषा आपली, कारण 'रात्रीस खेळ चाले'नं मालवणी घराघरांत नेली, मग आपण का मागं राहायचं? इथं अडचण आली. मामांनी नमुना म्हणून पेवातून आल्यासारखा घोगरा आवाज काढला, "कुठं जाऊलालाव ओ?" कोपऱ्यात भजी खाणारा एक अनोळखी पाहुणा मान वर न करता म्हणाला, "निलंग्याला." कुणी घाबरेल असं चिन्ह दिसेना.

सरांनी अट घातली की शेवटच्या भागात करणारा माणूसच निघाला पाहिजे, नाहीतर ते संवाद तपासणार नाहीत. गुरुजी संतापले, एवढ्या कष्टानं एक भूत उभं करायचं आन ते बी तुम्ही काढून घेणार? बराच वेळ तडजोड चालली. माणूस निघेल, पण आजोबाही राहतील, एवढ्यावर आले. मग पोरानं विचारलं, शूटिंगला गढीची परवानगी कुणाकडून घ्यायची. अप्पांनी वारस मोजायला सुरुवात केली. थोरली पाती, धाकटी पाती, पुण्याला गेलेले, हैदराबादला गेलेले, कोर्टात गेलेले. त्यांतले निम्मे एकमेकांच्या मयतीलाही येत नाहीत. अप्पा बोटं संपवून थांबले.

"मग मालिका कशाला," मामा कप उचलता उचलता म्हणाले, "त्यांनाच एका जागी बोलवा आन कॅमेरा चालू ठेवा. १,२२५ भाग कमी पडतील."